नगरपरिषदेत विषय मार्गी कसा लावायचा: नव्या नगरसेवकांसाठी आणि वाडीतल्या मंडळींसाठी

गटाराची मागणी जूनमध्ये करू नका. जूनमध्ये पाणी पडवीत शिरलं की माणसं नगरपरिषदेत धावतात, पण त्या वेळी नगरपरिषद फार तर चार माणसं पाठवून गाळ काढून देईल. पक्कं बांधकाम पावसात होत नाही. पुढच्या मे महिन्यात गटार तयार हवं असेल, तर अर्ज आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आत गेलेला असावा लागतो. कोकणातल्या छोट्या शहरांत बहुतेक कामं रखडतात ती विरोधामुळे नव्हे. कागद चुकीच्या महिन्यात चुकीच्या टेबलावर पोचलेला असतो, म्हणून ती रखडतात.

इथे एकच काम धरून सगळी वाट दाखवली आहे: वरच्या आळीतल्या पाखाडीलगत (पायऱ्यांच्या वाटेलगत) 120 मीटर गटार. रस्त्याचा दिवा, सार्वजनिक विहिरीची दुरुस्ती, पाण्याची लाइन, स्मशानशेड, यातलं काहीही घेतलंत तरी वाट साधारण हीच.

आधी कोण काय करू शकतं ते

आपल्याकडची शहरं महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 या कायद्याखाली चालतात. रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, अलिबाग, मुरुड इथे नगरपरिषदा आहेत. दापोली, गुहागर, लांजा, देवरुख, कणकवली, कुडाळ इथे नगरपंचायती. नगरपंचायतीत 17 प्रभाग आणि प्रभागाला एक नगरसेवक. नगरपरिषदेत साधारणपणे एका प्रभागात दोन नगरसेवक असतात. तिथे दोघांकडेही अर्जाची प्रत द्या. एकालाच दिलीत की दुसरा सभेत गप्प बसतो, आणि ते गप्प बसणं महागात पडतं.

सभा ठरवते, मुख्याधिकारी अमलात आणतात. नगराध्यक्ष सभा बोलावतात, सभेचं अध्यक्षस्थान घेतात आणि मतं समान पडली तर निर्णायक मत देतात. नगरसेवकाला एकट्याने कोणत्याही कर्मचाऱ्याला हुकूम देता येत नाही. नवे नगरसेवक पहिल्याच आठवड्यात मुकादमाला परस्पर कामाला लावतात आणि आरोग्य विभागाशी वाकडं घेतात. सांगायचं ते विभागप्रमुखाला आणि लेखी सांगा. स्वीकृत (निवडून न येता नेमलेले) सदस्य चर्चेत बोलू शकतात, पण त्यांना मत नसतं, हेही हात मोजताना ध्यानात ठेवा.

सगळ्यांच्या वर जिल्हाधिकारी. सभेचा ठराव बेकायदेशीर वाटला किंवा त्याने लोकांना अपाय होईल असं वाटलं, तर कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. म्हणूनच ठराव कसा लिहिला जातो याला इतकं महत्त्व.

पायरी पहिली: अर्जाच्या आधी जागेवर जा

अर्ज लिहायच्या आधी तीन गोष्टी बघा. पाणी कुठून येतं, कुठे जाणार, आणि मधली जागा कोणाची.

पाणी कुठे जाणार हा प्रश्न पहिला, कारण गटार बांधलं आणि तोंड कोंडलं तर आधीपेक्षा वाईट अवस्था होते. आपलं गटार पऱ्याला, म्हणजे ओढ्याला मिळणार (सिंधुदुर्गात व्हाळाला म्हणा) तर पावसाळ्यात तो पऱ्या किती वर चढतो याच्या खुणा जवळच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) दिसतात. गटाराचा तळ त्या खुणेच्या वर सुटला पाहिजे. खाडीत सोडायचं असेल तर मोठ्या भरतीची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची पातळी बघा. तोंड त्याखाली राहिलं तर भरतीला खाडीचं पाणी उलटं आळीत शिरतं. मग तोंडाला झडप लावावी लागते, आणि ती झडप अंदाजपत्रकात आधीपासून असावी लागते.

उताराचा अंदाज वाडीतला कोणताही गवंडी काढून देईल. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घ्यायची, 12-12 मीटरवर. 120 मीटरला अशा दहा उड्या होतात. 200 मीटरला 1 मीटर असा उतार धरला तर प्रत्येक उडीला 6 सेंटिमीटर आणि एकूण 60 सेंटिमीटर उतार मिळायला हवा. मध्ये कुठे तो मिळत नसेल, तर तिथे कुणाचं तरी फाटक किंवा जुनी मोरी उंच बसवलेली असते. ती जागा नकाशावर खुणेने दाखवा. अभियंत्याच्या पहिल्या भेटीत ही एक खूण अर्धा तास वाचवते.

आता जागा, आणि कोकणात खरी अडचण इथेच असते. गटार कुणाच्या आवारातून जात असेल तर संमतीपत्र लागतं. मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढलात की वीस-पंचवीस नावं निघतात. निम्मे हिस्सेदार मुंबईत, काही वारलेले, वारस नोंद झालेली नाही. एका घरातल्या माणसाने सही दिली आणि काम सुरू झालं, की मुंबईहून दुसऱ्या हिस्सेदाराची हरकत येते आणि ठेकेदार साहित्य उचलून निघून जातो. संमतीच्या सह्या गणपतीत घ्या. पाच दिवस सगळे घरी असतात, आरतीनंतर सगळे एकाच ओटीवर बसलेले असतात. गणपतीत राहिल्याच तर शिमग्याला घ्या. पण शिमगा फाल्गुनात, म्हणजे त्या वर्षीच्या कामासाठी उशीर झालाच. शक्य असेल तर गटार पाखाडीच्या सरकारी हद्दीतूनच न्या, चार वळणं जास्त पडली तरी चालतील.

किनाऱ्यालगत असाल तर सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) रेषा आणि नदीकाठी असाल तर पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी निळी-लाल पूररेषा विकास आराखड्यावर बघून घ्या. चिपळूण, महाड, खेड, राजापूर इथल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. नगररचना विभागात नकाशा बघायला मिळतो.

पायरी दुसरी: अर्ज आणि पोच

अर्ज एका पानाचा असावा. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, प्रत नगराध्यक्षांना आणि प्रभागातल्या नगरसेवकांना. त्यात हे एवढं पुरे: प्रभाग क्रमांक, सुरुवात कुठे आणि शेवट कुठे (घर किंवा मंदिराची खूण देऊन), लांबी, किती घरांना त्रास, जागा कोणाची, जोडलेली कागदपत्रं. पावसातले तारखेसह दोन-तीन फोटो जोडा. "जनतेची गैरसोय होत आहे, तरी लवकरात लवकर" असली वाक्यं काढून टाका. अभियंत्याला त्यातून मोजायला काही मिळत नाही.

अर्ज आवक-जावक लिपिकाकडे द्या, कोणा ओळखीच्याच्या हातात नको. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. हा क्रमांक म्हणजे पुढच्या सगळ्या पाठपुराव्याची दोरी. "साहेबांना सांगितलंय" याला कार्यालयात नोंद नसते. साहेबांची बदली झाली की सांगणंही गेलं.

पायरी तिसरी: दोन अंदाजपत्रकं

मराठीत एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात आणि नवखे तिथे हमखास गोंधळतात. कामाचं अंदाजपत्रक म्हणजे अभियंत्याने दरसूचीप्रमाणे काढलेला खर्च, ज्याला कार्यालयात एस्टिमेट म्हणतात. नगरपरिषदेचं अंदाजपत्रक म्हणजे वर्षाचं बजेट. पहिलं तयार असलं आणि दुसऱ्यात तरतूद नसली तर विषय तिथेच बसतो.

अर्ज बांधकाम विभागात गेला की कनिष्ठ अभियंता जागा पाहतो, मोजमाप घेतो, एस्टिमेट करतो आणि नस्तीत (कामाच्या फाइलीत) टिपणी ठेवतो. टिपणी म्हणजे कामाची गरज काय, खर्च किती, पैसा कोणत्या लेखाशीर्षातून (बजेटमधलं खर्चाचं सदर, म्हणजे हेड). ही टिपणी लेखापालाकडे जाते. "तरतूद शिल्लक नाही" असा एका ओळीचा शेरा तिथे पडला तर नस्ती परत. म्हणून अभियंत्याला भेटाल त्याच दिवशी लेखा विभागात विचारा की या कामासाठी कोणत्या हेडला किती शिल्लक आहे.

पैसा साधारण दोन वाटांनी येतो. एक नगरपरिषदेचा स्वनिधी: घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं, परवाना शुल्क. छोट्या शहरात यातला मोठा भाग पगार, वीजबिल आणि पाणीयोजनेत जातो. दुसरा शासनाचा: वित्त आयोगाचं अनुदान, जिल्हा नियोजन समितीकडून येणारा जिल्हास्तरीय नगरोत्थान (शहरांतल्या सोयींसाठीची राज्याची योजना) या योजनेचा निधी, वस्ती सुधारणेच्या योजना. शासनाच्या पैशाला अटी असतात. पाणी किंवा स्वच्छतेसाठी बांधलेला निधी रस्त्याला वापरता येत नाही. आपलं काम कोणत्या योजनेत बसतं हे अभियंत्याला विचारा आणि ते टिपणीत लिहून घ्या. शिवाय दिव्यांगांसाठी 5 टक्के आणि महिला व बालकल्याणासाठी 5 टक्के रक्कम राखून ठेवायची असते. पाखाडीला धरण्यासाठी कठडा किंवा पायऱ्यांच्या बाजूला उतार बसवता येत असेल, तर तो भाग दिव्यांगांच्या तरतुदीतून होईल का ते जरूर विचारा. ही रक्कम अनेक ठिकाणी मार्चपर्यंत नुसती पडून असते.

बजेटची सभा फेब्रुवारीत. चालू वर्षात तरतूद नसेल तर डिसेंबरातच लेखी मागणी द्या, म्हणजे बजेटचा मसुदा होताना काम यादीत जाईल. सभेच्या दिवशी हात वर करून मागितलेलं काम "विचार करू"मध्ये जातं, कारण तोवर जमा-खर्चाची तोंडमिळवणी झालेली असते.

पायरी चौथी: विषयपत्रिका

सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा तरी व्हावी लागते. तिच्या नोटिशीला पूर्ण सात दिवस, विशेष सभेच्या नोटिशीला पूर्ण तीन दिवस. नोटीस निघाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस यात धरत नाहीत. एकूण नगरसेवकांपैकी एक चतुर्थांश जणांनी लेखी मागणी केली तर नगराध्यक्षांना विशेष सभा बोलवावी लागते. विरोधी बाकांवर बसलेल्यांनी हे नीट लक्षात ठेवावं.

विषय पत्रिकेवर यायचा तर नस्ती पूर्ण होऊन सभा लिपिकाकडे पोचलेली हवी. नोटिशीचे सात दिवस आणि पत्रिका छापायचे दोन-तीन दिवस धरले तर सभेच्या किमान दोन आठवडे आधी. सभा लिपिकाचं टेबल कार्यालयात कोपऱ्यात असतं, पण नव्या नगरसेवकाने पहिल्यांदा ओळख करून घ्यावी ती तिथे. पुढची सभा कधी, मागच्या कोणत्या ठरावाची अंमलबजावणी राहिली आहे, हे सगळं तिथल्या नोंदवहीत असतं.

"ऐनवेळचा विषय" म्हणून काम घुसवायचा मोह टाळा. आयत्या वेळी घेतलेल्या, खर्चाच्या विषयावर कोणीही जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकतो, आणि ती तक्रार टिकते. दोन महिने थांबून पत्रिकेवरून गेलेलं काम आधी पुरं होतं.

पायरी पाचवी: सभेत

सभा लोकांना खुली असते. अध्यक्षांनी एखादा विषय खासगीत घ्यायचं ठरवलं तरच बाहेर जावं लागतं. प्रेक्षक म्हणून बसता येतं, बोलता येत नाही. वाडीतले चार जण वह्या घेऊन बसले की चर्चेचा सूर बदलतो, एवढं नक्की.

पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा. सगळे चहा घेत असतात तेव्हा हा संपतो. तसं होऊ देऊ नका. मागच्या वेळी तुमच्या ठरावात जे ठरलं तेच लिहिलंय का, हे तपासायची हीच वेळ. इतिवृत्तावर सही झाली की तेच प्रमाण.

ठरावाची भाषा जवळून बघा. असा ठराव निरुपयोगी:

"प्रभाग क्र. 4 मधील गटाराबाबत सविस्तर चर्चा झाली. याबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी."

यात किती, कुठे, कोणत्या पैशातून, कोणी, यातलं काहीच नाही. मुख्याधिकारी या ठरावावर एक रुपयाही खर्च करू शकत नाहीत. हवा तो असा:

"प्रभाग क्र. 4 मधील वरची आळी येथे मारुती मंदिर ते पऱ्यावरील मोरी यादरम्यान 120 मी. लांबीचे आरसीसी गटार बांधणे या कामाच्या सोबतच्या अंदाजपत्रकास प्रशासकीय मान्यता देण्यात येते. खर्च अंदाजपत्रकातील नमूद लेखाशीर्षातून भागवावा. तांत्रिक मंजुरी घेऊन निविदा प्रक्रिया राबवण्यास मुख्याधिकारी यांस प्राधिकृत करण्यात येते."

खाली सूचक, अनुमोदक, आणि "सर्वानुमते" की "बहुमताने". तुमचा विरोध असेल तर नुसतं ओरडून उपयोग नाही. मतदान मागा आणि आपलं नाव विरोधात नोंदवायला सांगा. चर्चा तापली की सभा तहकूब होते, तेव्हा कोणते विषय राहिले ते सभा लिपिकाकडून लिहून घ्या.

एक गोष्ट नव्या नगरसेवकांनी गांभीर्याने घ्यावी. ज्या कामात, ठेक्यात किंवा जागेत तुमचा किंवा घरच्यांचा आर्थिक संबंध आहे, त्या विषयाच्या वेळी तसं सांगून बाजूला व्हा. ठेक्यातला हितसंबंध आणि स्वतःचं अनधिकृत बांधकाम, या दोन्हीपायी पद जाऊ शकतं.

पायरी सहावी: ठराव झाल्यावर

पेढे वाटायची घाई नको, निम्मी वाट अजून बाकी आहे. तांत्रिक मंजुरी नगर अभियंत्याच्या अधिकारात नसेल तर नस्ती जिल्ह्याला सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा पाणीयोजनेचं काम असेल तर जीवन प्राधिकरणाकडे जाते. तिथून प्रश्न विचारून परत येते, उत्तर जोडून पुन्हा जाते. मग ठरलेल्या मर्यादेवरच्या कामाची ई-निविदा, निविदा उघडणं, दर स्वीकारणं, करारनामा, सुरक्षा अनामत आणि शेवटी कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश. कुठेही अडलं नाही तरी तीन-साडेतीन महिने धरा. नोव्हेंबरच्या सभेत ठराव झाला तर फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्यादेश, आणि हातात एप्रिल-मे. जानेवारीच्या सभेपर्यंत लांबलं तर काम मेच्या अखेरीस सुरू होतं, अर्धवट खणलेल्या चरात पहिला पाऊस पडतो आणि पाखाडी वाहून जाते. तसं होणार दिसलं तर काम ऑक्टोबरात सुरू करायला सांगा. रागावून घाई करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

मध्ये निवडणुकीची आचारसंहिता लागली तर नव्या कामाची निविदा आणि कार्यादेश थांबतात. सुरू झालेलं काम मात्र चालू राहतं.

दर महिन्याला एकदा विचारा, आणि "कामाचं काय झालं?" असं न विचारता "नस्ती आत्ता कोणाकडे आहे आणि त्यावर शेवटचा शेरा काय?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला "प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर येतं, दुसऱ्याला नाव आणि तारीख येते.

उत्तर मिळतच नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा: 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. कारणं विचारू नका, कागद मागा. ठरावाची प्रत, एस्टिमेट, कार्यादेश, नस्तीवरचे शेरे, मोजमाप पुस्तकातली (झालेल्या कामाची मापं लिहितात ते) संबंधित पानं. प्रत्येक पानाला 2 रुपये. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील.

पायरी सातवी: काम चालू असताना

कार्यादेशाची आणि एस्टिमेटची प्रत हातात ठेवा. रुंदी 45, खोली 60 सेंटिमीटर लिहिली असेल तर ती आतून मोजायची, बाहेरून नाही. भिंतीची जाडी धरून मोजलं की गटार कागदावर मोठं दिसतं आणि पाणी मात्र कमी वाहतं.

तळाचं काँक्रीट टाकण्याआधी खालची माती ठोकून बसवलेली हवी. जांभ्याच्या भरावावर नुसतं काँक्रीट ओतलं तर पहिल्या पावसात खालची माती निघून जाते आणि तळ मधोमध तुटतो. खाडीची खारी रेती चालवून घेऊ नका. मीठ सळीला खातं आणि चार-पाच वर्षांत झाकणं फुगून फुटायला लागतात. काँक्रीटवर किमान 7 दिवस पाणी मारलं गेलं पाहिजे. मे महिन्यात विहिरी तळाला गेलेल्या असतात म्हणून ठेकेदार इथेच हात आखडता घेतो. वाडीने दोन पिंपं पाणी दिलं तर ते आपल्याच गटारासाठी आहे. काँक्रीटचे 15 सेंटिमीटरचे ठोकळे काढून 7 आणि 28 दिवसांनी दाबून तपासतात. तो अहवाल नस्तीत लागतो, बघायला मागा.

काही खटकलं तर ठेकेदाराच्या माणसांशी वाद घालू नका. त्याच दिवशी फोटोसह अभियंत्याला लेखी द्या, पोच घ्या. मोजमाप पुस्तकात नोंद होऊन बिल निघण्याआधी आलेली तक्रार दुरुस्त होते. बिल निघाल्यानंतरची तक्रार फाइलला लागते. मोठ्या कामांना त्रयस्थ तांत्रिक तपासणी असते, बहुतेकदा शासकीय तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून. ती माणसं जागेवर येतील तो दिवस विचारून ठेवा आणि हजर राहा.

पहिला पाऊस

झाकणं बसली, बोर्ड लागला, तरी ठेकेदाराची अनामत नगरपरिषदेकडेच असते. दोषदायित्वाचा काळ निविदेत लिहिलेला असतो आणि तेवढ्या काळात निघालेला दोष त्याने स्वखर्चाने काढायचा असतो. म्हणून जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन तीन ठिकाणी उभे राहा: जिथे उतार कमी पडला होता तिथे, जुन्या मोरीच्या तोंडाशी, आणि पऱ्याला मिळतं त्या टोकाला. पाणी कुठे थांबतं, कुठे झाकणावरून उसळतं, भिंतीला कुठे ओल येते, याचे फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा, आणि त्याच आठवड्यात आवक क्रमांकासह द्या. अनामत परत करायची तारीख काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून मोजून कॅलेंडरवर खूण करून ठेवा. त्याच्या महिनाभर आधी अभियंत्यासोबत एकदा पुन्हा सगळे 120 मीटर चालून या.